पर्ड्यूचा मार्च : २०२४च्या ब्रॅकेटच्या नोंदी

सोमवार, १८ मार्च
अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेचा ब्रॅकेट, म्हणजे सामन्यांचा तक्ता, पहाटे जाहीर झाला. इंडियानातल्या आमच्या पर्ड्यू विद्यापीठाला मिडवेस्ट विभागात पहिलं सीड, म्हणजे सोळा मानांकनांत अव्वल. बिग टेन ही आपली साखळी १७-३ने जिंकलेल्या संघाला दुसरं काय देणार? शनिवारी बिग टेन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनकडून जादा वेळेत एका गुणाने हरलो, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पोरांच्या पायांना एक दिवस विश्रांती मिळाली.

कॉलेज बास्केटबॉल नव्याने बघणाऱ्यांना आमची भीती समजावी म्हणून थोडा इतिहास. २०२१मध्ये १३व्या सीडच्या नॉर्थ टेक्ससने आम्हाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. २०२२मध्ये १५व्या सीडचं सेंट पीटर्स. गेल्या वर्षी १६वं सीड, फेअरली डिकिन्सन, ६३-५८. १७वं सीड नसतंच, तेवढीच जमेची बाजू.

गेल्या वर्षीच्या त्या सामन्यावर थोडं बोलायलाच हवं. समोर अख्ख्या डिव्हिजन वनमधला (कॉलेज बास्केटबॉलची सर्वोच्च पातळी) सरासरी उंचीने सगळ्यात बुटका संघ, आणि आमच्याकडे ७ फूट ४ इंचांचा झॅक ईडी. तरी हरलो, म्हणून लोक ईडीला नावं ठेवतात. त्याने २१ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यांनंतर पकडलेले चेंडू) काढले होते! हरवलं ते लांबून मारणाऱ्या आमच्याच बाकीच्यांनी. २६ थ्री (तीन गुणांचे लांबचे फटके) मारले, पाच गेले. १६ टर्नओव्हर, म्हणजे तितक्यांदा चेंडू गमावला. दोघातिघांनी ईडीला वेढायचं, बाकीच्यांना खुशाल मारू द्यायचं, हा त्यांचा साधा डाव होता आणि तो चालला. आमचे गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे) ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर तेव्हा फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला होते.

म्हणून यंदा वहीत दोनच रकाने : थ्री आणि टर्नओव्हर. ईडीचे गुण लिहीत नाही, ते येतातच. माझी सगळी आशा लान्स जोन्सवर आहे. सदर्न इलिनॉयहून शेवटच्या वर्षासाठी आलेला हा गार्ड स्वतः चेंडू पुढे नेतो, त्यामुळे प्रत्येक वेळी स्मिथलाच सगळं ओढावं लागत नाही.

आणि हो, व्हर्जिनिया. २०१८मध्ये पहिलं सीड असून १६व्याकडून हरले, पुढच्याच वर्षी अजिंक्यपद. वाटेत त्यांनी जादा वेळेत कोणाला हरवलं ते विचारू नका. आमच्या कार्सन एडवर्ड्सचे ४२ गुण त्या दिवशी वाया गेले.

सोमवार, २५ मार्च
ग्रॅम्बलिंग ७८-५०, युटा स्टेट १०६-६७. दोन्ही सामने इंडियानापोलिसला, म्हणजे कॅम्पसपासून तासाभरावर. प्रेक्षक अर्थातच आपले. दुसरा सामना आपल्याकडे होळीच्या रात्री बारानंतर सुरू झाला. खाली सोसायटीत होळी विझत आली होती आणि मी वर एकटाच बोंब मारत होतो, शेजाऱ्यांना काही वेगळं वाटलं नसावं. एकतर्फी सामन्यांबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

शनिवार, ३० मार्च
गोंझागा ८०-६८. पहाटे पाचला उठल्याचं सार्थक झालं. स्मिथचे १५ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट करून देणारे पास! ईडीच्या स्क्रीनवरून, म्हणजे त्याने उभ्या केलेल्या अडसरावरून वळतो, बचाव करणारा क्षणभर कोणाकडे जावं म्हणून थबकतो आणि तेवढ्यात चेंडू गेलेला असतो. गेल्या वर्षी हाच मुलगा दबावाखाली चेंडू हरवत होता.

नोव्हेंबरमध्ये होनोलुलूला माउई स्पर्धेत आपण गोंझागा, टेनेसी आणि मार्क्वेट अशा तिघांना हरवलं होतं. आता पुढे पुन्हा टेनेसीच.

सोमवार, १ एप्रिल
१९८०नंतर पहिल्यांदा फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार संघांत. एप्रिल फूल नाही, दोनदा तपासलं.

टेनेसी ७२-६६. त्यांच्या डाल्टन क्नेख्टने ३७ गुण मारले आणि आपले थ्री १५ पैकी फक्त ३ गेले. माझ्या वहीनुसार हा सामना आपण हरायला हवा होता. ईडी ४० गुण, १६ रिबाउंड. रकाना नसूनही लिहावंच लागलं. पण त्या तीनमधला एक थ्री जोन्सने अगदी शेवटी, गरज होती तेव्हाच टाकला. मग अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरलेलं असताना क्नेख्ट आत घुसला आणि ईडीने चेंडू अडवला. त्या ब्लॉकनंतर मी खाली बसलोच नाही.

पर्ड्यूचेच माजी खेळाडू असलेले प्रशिक्षक मॅट पेंटर २००५पासून संघ सांभाळतायत. त्यांचे गुरू जीन कीडी यांना इतकी वर्षं घालवूनही फायनल फोर मिळाली नाही. सलग तीन वर्षं अशा हारी पत्करून या माणसाने आपली पद्धत बदलली नाही, फक्त गार्ड बदलला. मला हे फार आवडलं.

सोमवार, ८ एप्रिल
एनसी स्टेट ६३-५०. ११वं सीड म्हणून मनात धाकधूक होतीच. त्यांच्या डीजे बर्न्सला आठ गुणांवर रोखलं. स्मिथचा दिवस वाईट होता, टर्नओव्हर पुन्हा १६, पण थ्री दहा गेले. त्यात जोन्स आणि लॉयरचेही. हा सामना गेल्या वर्षी हरलो असतो.

आता अंतिम सामना, समोर यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ). पर्ड्यू याआधी एकदाच इथवर आलं, १९६९मध्ये, आणि तेव्हा यूसीएलएने हरवलं. त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन हे पर्ड्यूचेच, हा वेगळाच छळ. यूकॉन गतविजेते आहेत. इलिनॉयविरुद्ध त्यांनी सलग ३० गुण काढले, समोरच्यांना त्या काळात शून्य. त्यांचा डोनोव्हन क्लिंगन ७ फूट २ इंच, त्यामुळे त्यांचे प्रशिक्षक डॅन हर्ली दुसरा माणूस आत पाठवणारच नाहीत. ईडीला एकट्या क्लिंगनवर सोडतील आणि लॉयर-जोन्सला चिकटून बसतील. ईडी तीस-पस्तीस मारेल. पण बाहेरून सात-आठ थ्री गेले नाहीत तर ते पुरणार नाहीत. मला भीती आहे ती याचीच. तरी माझा अंदाज पर्ड्यू, तीन गुणांनी. डोकं यूकॉन म्हणतंय, त्याला आज मत नाही.

आज इंडियानात खग्रास सूर्यग्रहण आहे, इंडियानापोलिस थेट पट्ट्यात. आईने विचारलं, "ग्रहण सुटल्यावरच आहे ना रे सामना?" हो, पाच तासांनी. मग हरकत नाही म्हणाली. आपल्याकडे मात्र तो उद्या सकाळी सहा पन्नासला, नेमका पाडव्याला. सूर्योदय साडेसहाच्या आत आहे, तेव्हा गुढी उभारून, कडुनिंब खाऊन टीव्हीसमोर बसायला वीस मिनिटं मिळतात. श्रीखंड निकालानंतर.