अनोळखी घरातला सोफा आणि खिशातली एक रात्र

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न बहुतेक वेळा एकाच दमात येतो: "परदेशात संकेतस्थळावरून शोधलेल्या अनोळखी माणसाच्या घरी फुकट राहायची भीती वाटत नाही का? आणि त्यातून खरंच किती पैसे वाचतात?" हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण माझ्या लेखी त्यांचं उत्तर एकच आहे. ज्या घरातून रात्री अकरालासुद्धा उठून निघता येईल, त्याच घरात राहावं. निघता येण्यासाठी तीन गोष्टी लागतात: एका रात्रीच्या हॉस्टेलचे (प्रवाशांसाठीच्या स्वस्त निवासाचे) पैसे, चार्ज असलेला फोन आणि शेवटची बस किती वाजता सुटते याची माहिती. एवढं जवळ असेल तर भीती आटोक्यात राहते. हे जवळ नसताना केवळ पैसे नाहीत म्हणून कुणाच्या घरी राहत असाल, तर ती काटकसर राहत नाही, तो नाइलाज होतो. नाइलाजाने आलेला पाहुणा यजमानाला लगेच ओळखू येतो. दुर्दैवाने, वाईट हेतूच्या यजमानाला तर सर्वांत आधी.

म्हणून हिशोब असा करा. प्रवास 30 रात्रींचा असेल तर तीसही रात्री हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीत, काढायच्या आहेत असं धरून बजेट आखा. त्यातल्या दहा रात्री कुणाच्या घरी गेल्या तर उरलेला पैसा रेल्वेच्या तिकिटांना वापरा. दहापेक्षा जास्त रात्रींची आशा मी धरत नाही, आणि इतरांनाही धरू देत नाही. घरं बहुधा शहराच्या कडेला असतात, त्यामुळे रोजचा येण्या-जाण्याचा खर्च वाढतो. एकदा तरी सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचा तर त्याचं सामान आलं. शिवाय संध्याकाळ द्यावी लागते. जो माणूस दिवसभर काम करून परत येतो आणि तरीही परक्याला जागा देतो, त्याला बहुतेक वेळा गप्पा हव्या असतात, ओळख हवी असते. तुम्हाला मध्यरात्रीपर्यंत शहर पाहायचं असेल तर सरळ डॉर्ममधला पलंग घ्या, त्यात दोघांचाही मान राहतो.

अशा आदरातिथ्याची व्यवस्था इंटरनेटच्या आधीपासून आहे. 'सर्वास' ही संस्था शांततेच्या चळवळीतून 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. तिथं सदस्य होण्याआधी मुलाखत होते आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. एस्परांतो ही मुद्दाम तयार केलेली आंतरराष्ट्रीय भाषा बोलणाऱ्यांसाठी 'पासपोर्ता सेर्वो' आहे, सायकलवरून फिरणाऱ्यांसाठी 'वॉर्मशॉवर्स'. सगळ्यांना माहीत असलेलं 'काउचसर्फिंग' 2004 मध्ये लोकांसाठी खुलं झालं, 2011 मध्ये नफ्यासाठी चालणारी कंपनी झालं आणि 2020 पासून बऱ्याच देशांत सदस्यत्वाला पैसे लागू लागले. 'बीवेलकम' आणि 'ट्रस्टरूट्स' स्वयंसेवक चालवतात, त्यांना शुल्क नाही. पण तिथं यजमान कमी आहेत, आणि छोट्या शहरांत तर कधी एकही सापडत नाही. दोन ठिकाणी प्रोफाइल ठेवणं पुरे.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रेफरन्स वाचायला, म्हणजे मुक्कामानंतर पाहुणे आणि यजमान एकमेकांबद्दल प्रोफाइलवर लिहितात ते अभिप्राय. लोक एकूण आकडा पाहतात आणि थांबतात, चूक तिथंच होते. अस्वस्थ करणारा अनुभव आलेले बरेच पाहुणे वाईट लिहीत नाहीत. यजमान बदल्यात आपल्याबद्दलही वाईट लिहील याची त्यांना धास्ती असते, म्हणून ते "छान घर, धन्यवाद" एवढंच लिहून मोकळे होतात. तेव्हा आधी नकारात्मक रेफरन्स वाचा, मग असे दोन शब्दांत आटोपलेले. नंतर पाहा की लिहिणारे कोण आहेत. ते खरोखर राहिलेले पाहुणे आहेत की नुसते मित्र? पन्नास पाहुण्यांमध्ये सगळ्याच एकट्या तरुण मुली असतील तर मी तिथं विचारत नाही, रेफरन्स कितीही गोड असोत. जोडपी, मोठ्या वयाचे लोक, पुरुष, कुटुंबं असा मिश्र गोतावळा दिसला तर घर खऱ्या अर्थाने उघडं आहे असं समजावं. एकट्या बाईने आपल्यासारख्याच एकट्या बाईने तपशिलात लिहिलेला रेफरन्स शोधावा. फक्त बायकांसाठी चालणारा 'होस्ट अ सिस्टर' हा फेसबुक गटही आहे, पण तिथं पोस्ट टाकताना नेमक्या तारखा आणि ठिकाण सगळ्यांसमोर लिहू नये.

झोपायची जागा कोणती, हे प्रोफाइलमध्ये लिहिलेलं असतं: वेगळी खोली, बैठकीतला सोफा, यजमानाच्याच खोलीत गादी, की एकच पलंग. हे वाचूनही निरोपात पुन्हा विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. बैठकीतल्या सोफ्यावर झोपायचं असेल तर यजमान झोपेपर्यंत तुम्ही झोपू शकत नाही, सकाळी तो स्वयंपाकघरात आला की तुमचीही झोप संपली. म्हणून दोन रात्री घरात, मग एक रात्र हॉस्टेलमध्ये अशी साखळी ठेवावी. त्या मधल्या रात्री कपडे धुवून होतात आणि कुणाशीही न बोलता झोपता येतं. ही विश्रांती वगळणारे साधारण दुसऱ्या आठवड्यात चिडचिडे होतात, आणि मग चांगल्या यजमानाकडेही वाईट पाहुणे ठरतात.

विनंती आठ-दहा दिवस आधी पाठवावी. महिनाभर आधी लोकांना स्वतःचंच वेळापत्रक ठाऊक नसतं. निरोपात तारखा, रात्री किती, किती जण, पोहोचायची वेळ आणि त्या माणसाच्या प्रोफाइलमधल्या एखाद्या गोष्टीबद्दल खरंखुरं कुतूहल एवढं हवं. एकच मजकूर दहा जणांना पाठवला की तो ओळखू येतो. राजधानीच्या शहरांत यजमानांवर विनंत्यांचा पाऊस पडतो. तासाभराच्या अंतरावरच्या गावात उत्तर लवकर येतं आणि तिथले लोक वेळही जास्त देतात. होकार आल्यावर बोलणं त्याच संकेतस्थळावर ठेवा. पहिल्याच निरोपात खासगी नंबर मागणं, फोटो मागणं किंवा भाडं मागणं यांपैकी काहीही झालं तर विषय तिथंच संपवा.

आता कागदपत्रं, कारण यात चांगल्या हेतूचे लोकही अडकतात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, शिवाय किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. अनोळखी यजमानाचा साधा ईमेल तिथं सहसा चालत नाही. फ्रान्समध्ये खासगी घरी राहणाऱ्यासाठी यजमानाला नगरपालिकेतून शुल्क भरून निवासाचं प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि दोन रात्रींसाठी कुणाकडून ती अपेक्षा करणं योग्य नाही. त्यामुळे व्हिसासाठी खरी, रद्द करता येणारी हॉस्टेलची नोंदणी करा. व्हिसा मिळाल्यावर ज्या काही रात्री यजमानाकडे ठरतील तेवढ्याच बदला. इटलीत युरोपीय संघाबाहेरचा पाहुणा घरी ठेवला तर यजमानाने 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं. चीनमध्ये हॉटेलऐवजी घरी राहिलात तर 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. यजमान "काही गरज नाही" म्हणाला तरी दंड किंवा चौकशी तुमच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून आधीच विचारा. आणि राहण्याच्या बदल्यात साफसफाई किंवा मुलं सांभाळणं ठरलं असेल तर बहुतेक देशांत ते काम धरलं जातं, पर्यटक व्हिसावर ते करता येत नाही. सीमेवर विचारलं तर खरं सांगा. ज्याला कधी भेटलेलाच नाहीत त्याला "जुना मित्र" म्हणू नका, पुढच्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं. यजमानाचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला असावा.

पोहोचायचं ते उजेडात. पहिली भेट स्टेशनवर किंवा गर्दीच्या जागी ठरवा. घरच्या एकाला पत्ता आणि यजमानाच्या प्रोफाइलची लिंक देऊन ठेवा, रात्री ठरल्या वेळी निरोप करा. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून त्यावर जवळच्या दोन हॉस्टेलांची खूण करा. पासपोर्ट, एक कार्ड, थोडी रोकड आणि चार्जर एका छोट्या पिशवीत, ती झोपतानाही हाताशी. बाकीचं सामान पहिल्या रात्री पसरू नका.

सोफ्यावर अंथरूण घालण्याआधी शिवणी आणि कडा टॉर्चने पाहा. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर ढेकूण आहेत. बॅग सोफ्याला किंवा पलंगाला टेकवून ठेवू नका. पातळ स्लीपिंग बॅग लायनर (आत शिरून झोपायची पिशवीसारखी शिवलेली चादर) सोबत असला की यजमानाचं चादरी धुण्याचं कामही वाचतं. पुढच्या मुक्कामी संशयित कपडे 60 अंशांवर धुऊन गरम ड्रायरमध्ये सुकवायचे.

घरात शिरल्यावर लगेच विचारायच्या गोष्टी: चपला कुठं काढायच्या, अंघोळ कधी केलेली चालेल, सकाळी घर किती वाजता रिकामं होतं, किल्ली मिळणार की नाही. किल्ली नसेल तर दिवसभर बाहेर राहायची तयारी ठेवा. भाड्याच्या घरात पाहुण्याला परवानगी असतेच असं नाही, म्हणून जिन्यात आवाज नको.

आणि मनाला खटकलंच तर? कारण देत बसू नका, वादही घालू नका. "बेत बदलला, मला निघावं लागतंय" एवढं वाक्य पुरे. आधी बाहेर पडा, उजेडाच्या जागी पोहोचा, मग हॉस्टेल बुक करा. धोका असेल तर आधी आपत्कालीन क्रमांक लावा, युरोपीय संघात तो 112 आहे. नंतर संकेतस्थळाकडे तक्रार करा, निरोपांचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवून.

सगळं नीट झालं तरी रेफरन्स तीन-चार दिवसांत लिहाच, आठवणी ताज्या असताना. "खूप मजा आली" याचा पुढच्याला काही उपयोग नाही. सोफा कुठल्या खोलीत होता, दाराला कडी होती का, यजमान किती वाजता झोपतो, बसथांबा किती मिनिटांवर आहे, हे लिहा.