रेघेच्या खाली काय काय आहे

कृष्णाकाठच्या गावात झेडपी शाळेत चौथीचा वर्ग आहे माझ्याकडे. शनिवारी दप्तर नसतं, त्यात आपत्ती व्यवस्थापन पण घ्यायचं असतं. मागच्या वर्षी मी सरळ मोबाईलवरचं पोस्टर फळ्यावर उतरवलं, टॉर्च, औषधं, कागदपत्रं, बिस्किटं, 1077 नंबर, पोरांनी पाठ केलं, विषय संपला. भूकंपाचं प्रात्यक्षिक पण घेतलं होतं, बाकाखाली शिरून पोरं एवढी हसली की भूकंप राहिला बाजूला.

या जूनला म्हटलं आधी विचारू तरी. पुराचं पाणी चढायला लागलं तर पहिलं काय करायचं? मला वाटलं टॉर्च म्हणतील. मागच्या बाकावरचा एकजण, एरवी दिवस दिवस तोंड उघडत नाही, तो म्हणाला "म्हशीचं दावं सोडायचं" आणि अख्खा वर्ग व्हय व्हय करायला लागला. पोस्टरमध्ये म्हैस नव्हतीच ना राव! 2019 च्या महापुरावेळी ही पोरं तीन-चार वर्षांची, त्यांना स्वतःला काय आठवणार, पण बांधलेली जनावरं जागेवर गेली हे घरात ऐकून ऐकून पक्कं बसलंय. मी गपचूप एक नंबरला दावं लिहिलं.

मग घरचा अभ्यास दिला. 2019 ला भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलेलं ते शोधा, रंग दिला असेल तर आजीला विचारा, फरशीपासून सुतळीने मोजा आणि त्या रेघेच्या खाली आज घरात काय काय आहे ते लिहून आणा.

सोमवारी टेबलावर सुतळ्यांचा ढीग. गव्हाची पोती, फ्रीज, शेगडी, आणि जवळपास सगळ्यांकडे कॉटखालची पत्र्याची पेटी, म्हणजे रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक सगळं परत तिथंच! 2019 ला हेच कागद लोकांनी पत्र्यावर वाळत घातले होते, मी स्वतः बघितलंय. दावंवाल्याच्या वहीत मात्र चारच शब्द होते. फ्रीज, पेटी, मिक्सर, आज्जा.

पोरं फिदीफिदी हसली. तो म्हणाला, आज्जा कॉटवरच असतो, उठता येत नाही, आणि सुतळी कॉटच्या वर जाते. मग कोणी हसलं नाही. मलाही काय बोलावं सुचेना, मी आपलं पुढच्याची वही मागितली, जे करायला नको होतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आज्जा बोलायला खणखणीत, अर्धांगवायूने फक्त एक बाजू गेलीये. म्हणाले, "गुर्जी, 2005 ला पाणी पायरीला लागून माघारी गेलं, म्हणून 2019 ला मीच म्हटलं कुठं जाऊ नका, तेव्हा चालत होतो मी." सांगलीत आयर्विन पुलाजवळ 2005 ला पाणी जेमतेम 54 फुटांपर्यंत गेलेलं, 2019 ला साडेसत्तावन्न. साडेतीन फूट ऐकायला काहीच वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलीतलं एक पोरगं बोलवून भिंतीला उभं केलं आणि सुतळी लावली तर ती त्याच्या हनुवटीला आली. (त्याच 2019 च्या पुरात ब्रह्मनाळ गावातून माणसं बाहेर काढणारी बोट 8 ऑगस्टला उलटली ते मी चौथीला सांगत नाही, त्यांना आधीच माहिती असतं.)

आता आज्जाचं काय? धोका पातळी 45 फूट, तोवर थांबलं की रस्ते, गाड्या, माणसं सगळ्याचीच ओढाताण. इशारा पातळी 40. त्याच्या आईने आणि मी बसून ठरवलं की 40 च्या आधीच, 35 ला आज्जा जीपमधून विट्याला आत्याकडे, म्हशी पण त्याच दिवशी वरच्या मळ्यात. आज्जा कुरकुरले, एवढ्या लवकर कशाला, लोकं हसतील. नातू म्हणाला हसू देत. पेटी त्याच रात्री माळ्यावर गेली, आता रेशनकार्ड काढायला रोज शिडी लागते म्हणून त्याची आई माझ्यावर खार खाऊन आहे.

पाऊस लागल्यापासून पोरगं हजेरीआधी आकडा सांगतं. परवा आलं ते पळतच, "सर, 31 झालंय, आणि आज्जा म्हणतोय जीपवाल्याला आत्ताच फोन करून ठेव, पण मॅच संपल्याशिवाय बोलवू नको."