कणीक पास, फल्ली नापास

पांढरकवड्याच्या अलीकडं हैदराबाद हायवेला लागून माझं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे. आमच्याकडं येतं ते काय, तर पिकअप, बोलेरो, ट्रॅक्टरची ट्रॉली, अन् रात्री-बेरात्री फुटलेल्या टायरवर लंगडत आलेला ट्रक. त्यामुळं नोव्हेंबरात, ऐन वेचणीच्या दिवसांत, कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून एक लाल मस्टँग बाहेर निघून दुकानाकडं वळली तेव्हा मला वाटलं, पत्ता विचारायला थांबत असेल.

तर नाही. मागून एक पिकअपही वळली. तिच्या हौद्यात गोधडीत गुंडाळलेली चार चाकं होती अन् कॅबिनमध्ये धोतर-टोपीतले एक काका.

गाडी जिनिंगवाल्यांच्या पोराची. २०१७ चं मॉडेल, मुंबईहून जुनी घेतलेली. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ३९५ अश्वशक्ती. २०१६ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत ६५ लाख होती. चालू राहिली तर आवाज असा, की शेजारच्या हॉटेलातला पोट्टा हातातली कणीक तशीच घेऊन बाहेर आला. ही कणीक पुढं कामाला येणार होती, तेव्हा लक्षात ठेवा.

पहिली अडचण रॅम्पवरच आली. माझा रॅम्प बोलेरोच्या हिशेबानं बांधलेला. मस्टँगचं नाक चाकांच्या पुढं एवढं लांब की चढाला टेकलंच. शेवटी जुन्या बंडीच्या दोन फळ्या अंथरून चढ लांबवला, तेव्हा कुठं ती इंचाइंचानं वर आली. काका बाजूला उभे राहून तंबाखू मळत पाहत होते.

"मिस्त्री, हे गाडी खाली हाय म्हणून चढून नाई रायली ना?"

"हो काका."

"अन् हा पोट्टा तिले आणखी खाली करून पायजे म्हणते. बयाड झाला."

पोराची मागणी सरळ होती. आहेत त्या १९ इंची रिमा काढायच्या, गोधडीतल्या २० इंची बसवायच्या, अन् गाडी ३० मिलीमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा टाकायच्या. स्प्रिंगांचं खोकं मागच्या सीटवर ठेवलेलं. खरं सांगतो, मी आधी खुश झालो. दोन दिवसांची मजुरी एका गाडीत, शिवाय मस्टँगपुढं उभं राहून फोटो. "होऊन जाईल दादा," असं माझ्या तोंडून निघूनही गेलं.

पोरगं अभ्यास करून आलं होतं, हे मात्र कबूल करायला पाहिजे. कंपनीचे टायर पुढं २५५/४० आर १९ अन् मागं २७५/४० आर १९ (पहिला आकडा रुंदीचे मिलीमीटर, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, शेवटचा रिमेचे इंच), म्हणजे पुढचे मागं लावता येत नाहीत. मागचे टायर लवकर घासतात, कारण सगळा जोर मागच्या चाकांवर, आणि फेकायची पाळी जोडीनं येते. म्हणून त्यानं चारही रिमा सारख्या घेतल्या होत्या, २० इंची, १० इंच रुंद, ऑफसेट ४० (बोल्ट बसायची जागा रिमेच्या मध्यापासून किती मिलीमीटर बाहेर, तो आकडा), वर २७५/३५ चे टायर. चाकं फिरवून फिरवून वापरायची. विचार चुकीचा नव्हता.

काकांना मी गाडीखाली वाकून मागचा सस्पेन्शन दाखवला. २०१४ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगांना मागं सलग कणा होता, आपल्या बंडीसारखा. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं त्याच्यासोबत कलणार. २०१५ च्या मॉडेलपासून दोन्ही चाकं सुटी झाली. काका खूश. म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतले पन्नास वर्सं बंडीच हाकत होते म्हणा ना." हिशेब बरोबर होता. पहिली मस्टँग १९६४ ची.

रिमेचं गोधडं काढलं अन् मी आधी मधल्या भोकाला कॅलिपर लावला. ७३.१ मिलीमीटर. गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याचा, उंचवटा ७०.५. बोल्टांची जागा बरोबर, पाच बोल्ट, ११४.३ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर, पण मधे २.६ मिलीमीटरची ढील. ही ढील भरायला प्लास्टिकची नाहीतर अल्युमिनियमची रिंग लागते. ती विकणाऱ्यानं दिलीच नव्हती.

"रिंग नसली तर काय होते?" पोरानं विचारलं.

काय होते ते मला चांगलं माहीत होतं. सहा-सात वर्षांपूर्वी एका गाडीला मी अशाच बाहेरच्या रिमा रिंगांशिवाय, पान्याला पाइप घालून दाबून बसवल्या होत्या. ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायचं. मी तीन वेळा बॅलन्सिंग केलं, टायरला शिव्या दिल्या, गिऱ्हाइकाला 'रस्ता खराब आहे' म्हणून पाठवलं. चूक माझी होती. चाक हबच्या मध्यावर बसलंच नव्हतं, नटांनी ओढून एका बाजूला धरलं होतं. त्यानंतर मी टॉर्क पाना घेतला, नट किती जोरानं आवळला ते मोजणारा. मस्टँगचे नट २०४ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. पाइप घातला तर किती होतं ते पाइपालाच माहीत.

त्या दिवशी पुरतं मोजायला रिंगा माझ्याकडच्या खोक्यात सापडल्या. आता चाक आत घासतं का, हा प्रश्न.

फरशीवर खडूनं हिशेब मांडला. पुढची जुनी रिम ९ इंची, ऑफसेट ४५. नवी १० इंची, ऑफसेट ४०. म्हणजे चाक आतल्या बाजूला स्ट्रटकडं, स्प्रिंग अन् शॉकअपच्या उभ्या खांबाकडं, ८ मिलीमीटर सरकणार अन् बाहेर १८ मिलीमीटर निघणार. शिवाय पुढच्या टायरचा व्यास ६८६ वरून ७०० वर जाणार. कागदावर एवढंच कळतं. मुळात किती जागा आहे ते प्रत्येक गाडीवरच पाहावं लागतं, अन् अशा ठिकाणी पट्टी जात नाही.

हॉटेलातून कणकेचे चार गोळे मागवले.

ही युक्ती मला माझ्या उस्तादानं शिकवली. स्ट्रटवर जिथं टायर सर्वांत जवळ येईल तिथं तेलाचं बोट फिरवून एक गोळा चिकटवला. मडगार्डच्या आतल्या अस्तरावर दोन, एक पुढच्या कोपऱ्यात, एक वर. चाक बसवलं, खालच्या आर्मला जॅक लावून स्प्रिंग दबेपर्यंत उचललं, म्हणजे गाडी खाली बसल्यावर चाक जिथं जाईल तिथं. मग पोराला आत बसवून स्टिअरिंग डावीकडं पूर्ण, उजवीकडं पूर्ण. चाक काढलं.

माझी पैज होती की कणीक फाटलेली निघणार. स्ट्रटवरचा गोळा पापडासारखा झाला होता, पण ब्लेडनं कापून कॅलिपर लावला तर सहा मिलीमीटर शिल्लक. वरचा गोळा जसाच्या तसा. पुढच्या कोपऱ्यातल्या गोळ्यावर टायरच्या नक्षीचा नुसता ठसा उमटलेला, तोही पूर्ण वळणावर. चाक बसत होतं. पोरगं हसलं. "झालं ना भाऊ? टाका स्प्रिंगा."

काकांनी गोळा हातात घेऊन नक्षी पाहिली. "शंकरपाळे चांगले होतील," एवढंच बोलले.

मी तोंडघशी पडलो होतो, म्हणून असेल, पण मला आता आणखी मोजावंसं वाटायला लागलं. पलीकडं कापूस खरेदीचा काटा. दोन्ही चाकं टायरसकट नेऊन त्यावर ठेवली. नवं चाक जुन्यापेक्षा साडेतीन किलोनं जड. चार चाकांचे चौदा. गाडीच्या वजनात चौदा किलो म्हणजे काहीच नाही, डिकीत तेवढं पोतं पडलेलं असतं. पण हे वजन स्प्रिंगच्या खाली आहे. खड्ड्यात पडलेलं चाक स्प्रिंग परत रस्त्यावर दाबते, त्याची उसळी आवरायचं काम शॉकअप करतो, अन् त्याला तेवढा जास्तीचा लोंबकळता बोजा प्रत्येक खड्ड्यात आवरावा लागतो.

"दादा, गाडी रोज कुठून कुठं जाते?"

"गावातून हायवेवर. हायवेवरून नागपूर."

"चला मग गावाच्या रस्त्यावर."

एक सरळ फल्ली, म्हणजे लाकडी फळी, अन् टेप घेतला अन् पिकअपमध्ये तिघं बसलो. काळ्या मातीतला रस्ता कसा असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. नवीन रस्त्याला दोन वर्षांत लाटा येतात. त्यात शाळेपुढचा ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात ब्रेकर ३.७ मीटर रुंद अन् १० सेंटिमीटर उंच सांगितला होता. म्हणजे गाडी त्यावर हळूच चढते अन् उतरते. शाळेपुढचा जेमतेम दोन हात रुंद. कोणीतरी डांबराची पाटी ओतून फावड्यानं थोपटलेला.

फल्ली त्याच्या माथ्यावर आडवी धरली, दुसरं टोक सरळ केलं अन् टेप सोडला. ११५ मिलीमीटर.

मस्टँगच्या पोटाखालची जागा १३७. पुढच्या अन् मागच्या चाकातलं अंतर २.७२ मीटर, म्हणजे दोन हाती ब्रेकर पुरता पोटाखाली येतो, त्याचा चढ-उतार कामी येत नाही. आज २२ मिलीमीटर जागा वाचते. त्यातली थोडी काका मागं बसले की जाते, थोडी टाकी भरली की. स्प्रिंगा टाकल्या की १०७. फल्लीवर १०७ ची खूण केली अन् ब्रेकरजवळ धरली. खूण ब्रेकरच्या माथ्याच्या खाली.

पोरगं काही बोललं नाही. दोन पावलं पुढं जाऊन परत आलं. मग म्हणालं, "तिरपी घेतली तर?"

"उंच गाडीला जमते ते. हिचं पोटच टेकते, तिरपी केली तरी पोट तेवढंच."

"मग या ब्रेकरले फोडून टाकू?" हे काका. शाळेपुढचा आहे म्हणून सांगितलं तेव्हा गप्प बसले. त्यांचा नातू तिथंच शिकतो.

परत येताना टायरच्या भिंतीचं सांगितलं. जुन्या मागच्या टायरची रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची ११० मिलीमीटर, नव्याची ९६. पुढं १०२ ची ९६ होते. एक सेंटिमीटर रबर म्हणजे काय, असं वाटतं. पण खड्ड्याच्या धारेवर आधी दबतं ते हेच रबर, स्प्रिंगची पाळी नंतर. ते कमी पडलं की धार थेट रिमेला लागते. वाकलेल्या अलॉय रिमा माझ्याकडं महिन्याला दोन तरी येतात, अन् बहुतेक 'मोठ्या साइजच्या' असतात.

दुकानात येऊन मग मी जे सकाळीच पाहायला पाहिजे होतं ते पाहिलं. अंगावरच्या टायरची तारीख. भिंतीवरच्या लांब नंबरातले शेवटचे चार आकडे ३४१६, म्हणजे २०१६ चा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर होती, म्हणून आधीच्या मालकानं बदललेच नाहीत. नख दाबलं तर रबर दाबत नव्हतं, वाळल्या चामड्यासारखं. पकडच नव्हती. वेगाचं अक्षर वाय, म्हणजे नवीन असताना तीनशेचा वेग झेलणारा टायर, अन् आता ओल्या रस्त्यावर बंडी आडवी आली तर थांबेल का याची खात्री नाही. मागच्या एका शॉकअपच्या अंगावर तेल उतरून त्यावर माती बसलेली. अलाइनमेंटला मागचा टो, म्हणजे चाकांच्या तोंडाची दिशा, बाहेर गेलेला, टायरची आतली कड त्यानंच खाल्ली होती. अन् पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, या गाडीत कंपनीनं फिरवायला ठेवलेला नाही. स्प्रिंगा टाकल्या असत्या तर चाकं वरून आत झुकली असती अन् सरळ करायला वेगळ्या प्लेटा आणाव्या लागल्या असत्या. स्टेपनी तर नाहीच, पंप अन् पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली. पऱ्हाटीचं धसकट टायरच्या भिंतीत घुसलं की ती बाटली धुऱ्यावर बसून पाहत राहायची. त्यात आरसीवर नसलेला बदल, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, तपासणीत अडकलं तर वेगळी कटकट.

माझा हिशेब मग मी रोखठोक सांगितला. पैसा आधी टायरला, मग चारही शॉकअपला, स्प्रिंगा आहेत त्याच, अन् उरला तर रिमेला.

पोरगं चिडलं. चिडणारच. चारही चाकं रोख घेतलेली अन् विकणारा फोन उचलत नव्हता. "मग आणलं कशाले एवढं," म्हणून लाथ मारली ती रिमेला नाही, गोधडीला. काकांनी गोधडी उचलली, झटकली, घडी घातली. "तुझ्या मायची हाय थे," म्हणाले.

नऊ दिवसांनी १९ इंची टायर अन् शॉकअपचे खोके आले. आधीच्याच साइजचे टायर, पुढं २५५, मागं २७५. काम दीड दिवसाचं. नट टॉर्क पान्यानं आवळले, शंभर किलोमीटरनं परत तपासायला ये म्हणालो, अन् तो खरंच आला. शाळेपुढचा ब्रेकर त्यानं माझ्यासमोर घेतला. मागं काका, गुडघे छातीशी, कारण या गाडीत मागं माणूस बसावा अशी बनवणाऱ्याचीच इच्छा दिसत नाही. पोट टेकलं नाही.

बिलात हॉटेलवाल्यानं कणकेचे वीस रुपये लावायला सांगितले होते. लावले.

वीस इंची चाकं त्यांच्या घरी बैठकीत भिंतीला टेकून उभी आहेत म्हणे. परवा पोराचा फोन आला, "भाऊ, तीसच्या नाई, पंधरा मिलीमीटरवाल्या स्प्रिंगाही भेटतात. तेवढं तं चालेल ना?"

१३७ मधून पंधरा गेले तर १२२. ब्रेकर ११५. मी म्हटलं, काकांना मागं बसव, टाकी फुल कर, अन् फल्ली घेऊन ये.