लेंड्यांची वही

रविवार

भुरीची, म्हणजे घरच्या सशाची, वही आज कपाटातून काढली. चौकटीची, शंभर पानी. साडेसहा वर्षांत पानं संपली, म्हणून शेवटचं पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर लिहिलेलं. रकाने चार : वजन, गवत, पाणी, लेंड्या. पहिले तीन मधे मधे रिकामे राहिलेत, चौथा मात्र एकाही आठवड्यात नाही. ससा पाळणाऱ्याने एकच रकाना ठेवायचा म्हटलं, तर तो हाच ठेवावा.

कारण ससा दुखणं सांगत नाही. कुत्रं कण्हतं, मांजर कोपऱ्यात जाऊन गुरगुरतं. ससा मात्र जातीनेच दुसऱ्याच्या तोंडचा घास. अशक्त दिसला की संपला, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा बसून राहतो. त्याच्या पोटात काय चाललंय ते फक्त मागून कळतं.

नीट चाललेल्या सशाची लेंडी काबुली चण्याएवढी, गोल, कोरडी. बोटांत दाबली की भुगा होतो आणि त्यात गवताचे धागे दिसतात. मोठा ससा दिवसाला दोन-तीनशे टाकतो. मोजत बसायला नको, रोजची सुपली किती भरते एवढं डोळ्याला ठाऊक झालं की पुरे. लेंड्या बारीक, काळ्या, टोकदार झाल्या तर कालपासून गवत कमी गेलंय. केसांत ओवलेल्या माळेसारख्या आल्या तर अंगावरचे केस गळतायत आणि चाटताना पोटात जातायत; तेव्हा रोज विंचरायचं आणि गवत-पाणी वाढवायचं.

दुसरा एक प्रकार बघून नवे लोक हमखास घाबरतात. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहानशा घोसासारखा, उग्र वासाचा. ही हगवण नव्हे. सशाचं आंधळं आतडं जठराहून कितीतरी मोठं असतं. तिथे जंतूंनी आंबवलेलं अन्न अशा घोसाच्या रूपाने बाहेर येतं आणि ससा ते तिथल्या तिथे, थेट तोंडानेच काढून खातो, बहुतेक रात्री किंवा पहाटे. जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला त्यातून परत मिळतात. त्याबद्दल रागवायचं नाही, किळसही करायची नाही. हे घोस फरशीवर पडून राहायला लागले तर मात्र कारण शोधायचं : तयार गोळीखाद्य किंवा फळं जास्त होतायत, नाहीतर ससा इतका जाड झालाय किंवा पाठ इतकी दुखतेय की त्याला मागे वळता येत नाही.

आणि दहा-बारा तास एकही लेंडी नाही, खाणंही नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. सशाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. ते थांबलं की आत वायू धरतो, वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थंडावतं.

अशा वेळी पहिला हात कानांना लावायचा. कान गार असतील तर अंगातली ऊब उतरलेली असते. सशाचं तापमान एरवी साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअस. गार सशाला भरवायचं नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कुशीला ठेवायची आणि डॉक्टर गाठायचा. पोट ढोलासारखं ताठ लागत असेल तरीही भरवायचं नाही, आत काही अडकलेलं असू शकतं. ही दोन्ही नसतील आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तरच गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, वाटून, गाळून सुई काढलेल्या सिरिंजने द्यायचं. एका वेळी किलोमागे दहा मिली, दिवसातून चार वेळा. सिरिंज समोरून नाही, पुढच्या दातांमागच्या फटीतून बाजूने घालायची. एकेक मिली सोडून गिळेपर्यंत थांबायचं. घाई केली की ते फुप्फुसात जातं.

मंगळवार, रात्री

गाजराचं खूळ कुणी काढलं कोण जाणे. गाजर म्हणजे सशाची बर्फी. भुरीला आठवड्यातून दोनदा, नखाएवढ्या चार चकत्या मिळायच्या आणि त्या दोन दिवशी ती डब्याच्या झाकणाचा आवाज दुसऱ्या खोलीतून ओळखायची.

वहीत तिचं वजन बहुतेक पानांवर 1600 ग्रॅमच्या आसपास आहे. त्या वजनाचा हिशेब असा : सुकं गवत हवं तेवढं, म्हणजे रोज तिच्या अंगाएवढा ढीग, हिरवा पाला दाबून भरलेल्या दोन वाट्या, गोळीखाद्य फार तर चाळीस ग्रॅम, पाणी दीडशे ते दोनशे मिली, तेही बाटलीच्या नळीतून थेंब थेंब नको, जड मातीच्या वाडग्यात. वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात आणि नळीतली गोळी अडकली की तो दिवसभर तहानलेला राहतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

गवत हेच जेवण, बाकी सगळी चटणी-कोशिंबीर. सशाला अठ्ठावीस दात. वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी दोन बारके दात लपलेले असतात. उंदराला ते नसतात. हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर महिन्याला सेंटीमीटरभर. गवत दाढांनी आडवं रगडून खावं लागतं, त्यात ते झिजतात. गोळीखाद्य नुसतं चुरडलं जातं, झीज होत नाही आणि दाढांना धारदार कंगोरे येतात. ते जिभेला, गालाला लागायला लागले की आधी गवत सुटतं, मग गोळीखाद्य, कोथिंबीर सगळ्यात शेवटी. म्हणजे ‘कोथिंबीर तर खातोय की’ हा दिलासा खोटा. हनुवटी ओली दिसली तर दाढा तपासून घ्यायच्या.

परदेशी टिमोथी गवताची किंमत बघून लोक हातपाय गाळतात. मारवेल, पवना, ऱ्होड्स ही आपल्याकडची गवतं सुकवून चालतात. फुलोऱ्याच्या आधी कापलेलं, सावलीत सुकवलेलं, हिरवट राहिलेलं घ्यावं. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यात कस नाही. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, सहा-सात महिन्यांनंतर बंद करावा, कारण त्यात कॅल्शियम फार. सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकतं. म्हणून लघवी जराशी दुधट असणं ठीक, पण खडूच्या गाळासारखी घट्ट झाली तर मूत्राशयाची तक्रार सुरू झाली समजावं. ज्वारीचे कोवळे फुटवे कधीच देऊ नयेत. त्यातून सायनाइड तयार होतं, गुरंसुद्धा त्याने दगावतात.

गवताचं पोतं कापडी किंवा गोणपाटाचं हवं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि श्रावणात आठ दिवसांत बुरशी धरते. हात घालून वास घ्यायचा. उन्हाचा, किंचित गोडसर वास आला तर बरं. कोंदट आला तर अख्खं पोतं टाकायचं, वरवरचं काढून आतलं द्यायचं नाही.

पाल्यात कोथिंबीर, पुदिना, गाजराची पानं, मुळ्याचा पाला, थोडी मेथी. पालक अधूनमधून. कोबीने पोट फुगू शकतं. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला नाही. कण्हेर, रुई, घाणेरी तर घराजवळही नकोत. गणपतीत दुर्वांची चंगळ असते, पण जुडी कुठून खुडली ते विचारावं : रस्त्याकडेच्या दुर्वांवर धूर असतो, औषध फवारलेलं असतं, कुत्र्यांनी पाय वर केलेले असतात. पोळी, भात, बिस्किट, भिजवलेले हरभरे काही नाही. ‘आमचा ससा सगळं खातो’ असं कौतुकाने सांगणाऱ्याचा ससा फार वर्षं टिकत नाही.

शुक्रवार

पिंजरा गच्चीत गंजतोय. सशासाठी म्हणून बाजारात जे विकतात ते बहुधा पक्ष्यांचेच पिंजरे असतात, खाली तारेची जाळी. सशाच्या तळव्याला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. जाळीवर बसून टाचा सोलवटतात, जखम हाडापर्यंत जाते. तार झाकून शेवटी पिंजऱ्याचं दार कायमचं उघडं ठेवलं आणि कोपऱ्यात एक घमेलं ठेवलं : तळाला वर्तमानपत्र, त्यावर कागदाच्या गोळ्या, एका टोकाला गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे गवत जिथे तिथेच त्याचा संडास. एवढं जमलं की शिकवायला फारसं काही उरत नाही. मांजरासाठीची, ओली झाली की गोळा होणारी माती घालायची नाही. ती पोटात गेली तर तिथेही गोळाच होतो. विजेच्या वायरी जमिनीपासून दोन फूट वर, नाहीतर जाड नळीत.

उचलायचं ते कान धरून कधीच नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि पाठ आपल्या पोटाशी. सशाची हाडं हलकी आणि मागचे पाय प्रचंड जोराचे. हवेत लटकलेला ससा लाथ मारतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. लहान मुलांनी जमिनीवर बसूनच ससा मांडीवर घ्यावा. ससेहोलपट हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही.

आंघोळ नाही. भिजलेला ससा गारठतो आणि भीतीनेही दगावू शकतो. ढुंगण घाण झालं तर तेवढंच कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. पावसाळ्यात हे रोज बघायचंच. ओलसर घाणीवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडून कातडीत शिरतात. सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघणं हाच त्यावर खरा उपाय.

उन्हाळा त्याहून वाईट. सशाला घाम येत नाही, धापा टाकून फारसं भागत नाही, कान हाच त्याचा पंखा. पारा तिशीच्या वर गेला की त्रास सुरू होतो आणि पुण्यात एप्रिल चाळिशीला टेकतो. शहाबादी फरशीची खोली, खिडकीला ओला पडदा, गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी, दर तासाने कानांना ओला हात. कोरड्या हवेत कूलर चालतो. मुंबई-कोकणच्या दमटात तो नुसती वाफ फिरवतो, तिथे एसी किंवा घरातली सगळ्यात गार खोली. ससा आडवा पडून तोंड उघडून श्वास घेत असेल तर त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. कान ओले करत, पंख्याखाली धरून लगेच डॉक्टरकडे. दिवाळीत भुरीला आतल्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर गोधडी. आवाजाने सशाचं हृदय बंद पडू शकतं.

नखं पाच-सहा आठवड्यांनी. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं. काळ्या नखामागे मोबाइलची बत्ती धरावी. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं.

शुक्रवार, उशिरा

डॉक्टरांचं पान. कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टरसुद्धा सशाच्या बाबतीत अडखळतात, म्हणून हे आपल्याला पाठ हवं. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन जातीचं औषध तोंडावाटे नाही. ते आतड्यातले चांगले जंतू मारतं, त्यांच्या जागी विषारी वाढतात आणि ससा जातो. पिसवांसाठीचं फिप्रोनिल कुत्र्यांना सर्रास लावतात, सशाला ते विष. नाकावर, कानाच्या कडेला पांढरी खपली दिसली तर बहुधा खरूज. खपली ओरबाडायची नाही. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन डॉक्टर वजन करून देतात, आणि एका डोसात काम होत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर विनम्रपणे का म्हणून विचारायचं. कुत्र्याला उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटीच होत नाही, उपाशी राहून आतडं मात्र थांबतं.

मादी असेल तर गर्भाशय काढण्याचा विचार पहिल्या वर्षातच. न काढलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. ‘एकटीच तर आहे, पिल्लं थोडीच होणार’ हा युक्तिवाद या वहीच्या तिसऱ्या वर्षात, पेन्सिलीने लिहिलेला आहे. सहाव्या वर्षाच्या पानावर ‘लघवी लाल’ असं आहे. पाल्यातल्या रंगद्रव्याने लघवी तांबूस होते, पण ती सगळी सारखीच तांबूस असते. इथे फिकट लघवीत रक्ताची वेगळी गुठळी होती. त्यानंतरची वजनं : 1580, 1540, 1470, 1390. गोळीखाद्य वाढवल्यावर एकदा 1410. कर्करोग फुप्फुसात पसरला होता, तेव्हा गर्भाशय काढून उपयोग नव्हता.

शेवटच्या आठवड्यात तिने दात वाजवायला सुरुवात केली. दात वाजवणंही दोन तऱ्हेचं असतं. कपाळ चोळताना येतो तो हलका किरकिर आवाज समाधानाचा. हा मोठा, कर्रकर्र. अंग चेंडूसारखं आखडून, डोळे अर्धवट मिटून, भिंतीकडे तोंड करून. तो वेदनेचा. तो ओळखू आला की झोपेचं इंजेक्शन कधी द्यायचं हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही.

रविवार

कोपऱ्यावरच्या मुलांना टेकडीवर सशाचं पिल्लू सापडलंय, खोक्यात घालून घेऊन आले. अंगावर पूर्ण केस, डोळे टक्क उघडे, मूठभर आकाराचं. हा रानससा. पाळीव सशाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू उघडंबोडकं आणि डोळे मिटलेलं असतं. मराठीत दोघांना एकच शब्द असल्यामुळे हा घोळ नेहमीचा. रानसशीण पिल्लाला गवतात एकटं ठेवते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते, म्हणून ते टाकून दिलेलं नसतं. पाळता तर येतच नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. संध्याकाळच्या आत त्याच झुडपाखाली ठेवून यायला सांगितलं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही, हेही सांगितलं. त्यांना तीच भीती होती.

पोत्यात अजून सव्वा किलो मारवेल आहे. हात घालून वास घेतला. बरा आहे.