लिपी एकच, म्हणून फसायला होतं

देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतल्या मुलांना मराठी शिकवायला जाणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते. गावी दोन-तीन इयत्ता शिकलेलं मूल आपलं पुस्तक घडाघडा वाचतं, आणि आपल्याला वाटतं, याला जमतंय. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे अक्षरं ओळखीची असतात. अर्थ मात्र कळलेला नसतो. म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, ‘काय झालं यात?’

त्याहून घोळ घालतात ते दोन्हीकडे असलेले शब्द. नेपाळीत ‘घाम’ म्हणजे ऊन. ‘मिठो’ म्हणजे चवदार, त्यामुळे आपलं ‘मीठ’ ऐकून मूल गोंधळतं. ‘खोला’ म्हणजे ओढा, आणि आपण म्हणतो ‘वही खोला’. सगळ्यात जपून वापरायचा शब्द ‘शिक्षा’. तिकडे तो शिक्षणाला म्हणतात. असे पंधरा-वीस शब्द पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहा, मागे चित्र काढा आणि पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं त्यांनाच द्या. घरी नेपाळीच बोलतात का, हेही आधी विचारून घ्या. काही घरांत थारू किंवा मगर या भाषा बोलतात.

श्रुतलेखनात ‘वही’ची ‘बही’ होते, ‘पाणी’चं ‘पानी’. हा निष्काळजीपणा नव्हे. नेपाळी बोलण्यात ‘व’चा पुष्कळदा ‘ब’ होतो, ‘ण’चा सहसा ‘न’ होतो, ‘श’ आणि ‘स’ एकच ऐकू येतात, आणि ‘ळ’ तर नाहीच. लाल पेनाने खोडत बसू नका, आधी कानाला फरक कळू द्या: ‘मन-मण’, ‘काल-काळ’, ‘वाट-बाट’. दोनांपैकी कोणता शब्द म्हटला ते मुलाने बोटाने दाखवायचं. ते दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की मग लिहायला घ्या.

निर्जीव वस्तूंना नेपाळीत लिंग नसतं, म्हणून ‘माझा वही’ येणारच. सुटा शब्द कधी देऊ नका. तो आंबा, ती पेटी, ते कलम, असाच द्या.

गणिताला बागेसारखी जागा नाही. डझन, पेटी, ग्रॅम मुलांच्या रोजच्या कानावर असतात. बाराचा पाढा पेट्यांवरच पक्का होतो. अडतं ते संख्यांच्या नावांशी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा बराच वाद झाला. पण ‘उनन्तीस’ म्हणणाऱ्या मुलाला ‘एकोणतीस’कडे आणताना मधली पायरी म्हणून ‘वीस नऊ’ फार उपयोगी पडतं.

एका वेळी पाच-सहा मुलं, पाऊण तास, एवढं पुरे. फवारणीच्या दिवशी बागेत वर्ग घेऊच नका. सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावर, किंवा देवळाच्या ओसरीवर बसा. एप्रिल-मे महिन्यांत आंबा उतरवायची घाई असते, मोठी मुलं भावंडं सांभाळतात, म्हणून वेळ आईला विचारून ठरवा. तिला ‘दिदी’, वडिलांना ‘दाइ’ म्हणा. ‘ए गुरखा’ ही हाक मुलं ऐकत असतात, आणि ती त्यांना लागते.

मात्र आपला वर्ग म्हणजे शाळा नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नेपाळचा जन्मदाखला असला तरी त्यावर तिथलं विक्रम संवत असतं आणि कार्यालयात २०७३ सालचा जन्म वाचून सगळे थांबतात. हिशेब सोपा आहे: वैशाख ते मार्गशीर्ष ५७ वजा करा, माघ ते चैत्र ५६. म्हणजे वैशाख २०७३ हा एप्रिल-मे २०१६, तर माघ २०७३ हा जानेवारी-फेब्रुवारी २०१७. पौषात मात्र इसवी सन बदलतो, तेव्हा तारीख पाहूनच ठरवा.

पावसाआधी कुटुंब परततं, पण नेपाळमधलं शालेय वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्यालाच, सुरू झालेलं असतं. निघायच्या आठवडाभर आधी शाळेतून हजेरी आणि प्रगतीचा कागद शिक्क्यासह मागून घ्या, त्यावर दोन्ही पंचांगांच्या तारखा घाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या.