लॅब्रॅडॉरला फील्ड टेस्टला उतरवायचं का? माझा अनुभव

फॉर्म, फी, तारखा हे सगळं नंतर. लॅबला, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्रीला, फील्ड टेस्टला (पडलेला पक्षी शोधून आणून देण्याच्या परीक्षेला) उतरवायचं की नाही, हे मी सोलापूरच्या माळावर ठरवते. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे इथे सगळा कारभार डमीचा, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या नकली वस्तूचा. तित्तिर उठला आणि कुत्री मागे लागली, तर तो सराव तिथेच थांबवायचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तर फिरकायचंसुद्धा नाही, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचा तो मुलूख.

आधी ट्रायल आणि टेस्ट यांत गल्लत नको. ट्रायलमध्ये कुत्र्यांची आपसात स्पर्धा असते. टेस्टमध्ये ठरलेल्या मापाला उतरलं की पास, दुसऱ्याची लॅब कितीही तेज असो. माप म्हणून मी अमेरिकन केनेल क्लबची ज्युनियर हंटर पातळी धरते: दोन फेका जमिनीवर, दोन पाण्यात, प्रत्येक वेळी एकच, अंतर 90 मीटरच्या आत. पडलेली जागा लक्षात ठेवणं, उत्साह, चिकाटी आणि ऐकणं, या चार गोष्टींना 10 पैकी गुण. एकूण सरासरी 7 हवी आणि कशातही 5 च्या खाली जायचं नाही. तिकडे पक्षी वापरतात, माझ्याकडे चादर.

हो, चादरच. फाटक्या सोलापुरी चादरीचा तुकडा आणि अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली. एकूण वजन 500 ग्रॅमच्या आसपास येईल इतकी वाळू भरायची आणि उरलेल्या जागेत चिंध्या कोंबायच्या, नाहीतर ती खुळखुळते आणि कुत्र्याला खेळणं वाटतं. मग चादर घट्ट गुंडाळून दाभणाने शिवायची, टोकाला हातभर दोरी. शिवण सैल राहिली की कुत्री आणण्याऐवजी फाडत बसते. पाण्यासाठी मात्र ही डमी बाद, सुती चादर पाणी पिते आणि बुडते. तिथे रिकामी, बूच घट्ट लावलेली बाटली ताडपत्रीत शिवलेली बरी. भगव्या रंगाच्या मोहात पडू नका. तो आपल्याला उठून दिसतो, कुत्र्याला वाळल्या गवतात मिसळलेला. मी अर्धी काळी, अर्धी पांढरी करते.

फेकणारा माणूस आपल्यापासून लांब उभा हवा. आपणच फेकलं तर कुत्री आपल्या हाताकडे बघायला शिकते, आकाशाकडे नाही. सुरुवात 20 मीटरला. सलग तीन दिवस ती थेट जागेवर गेली की 15 मीटर वाढवायचे. शोधत भटकू लागली तर आवाज देऊन वाट दाखवू नका, पुढच्या वेळी अंतर कमी करा. एका सकाळी पाच-सहा फेका पुरे. मार्चनंतर सकाळी साडेसातला आवरतं घेते, कारण लॅब धापा टाकूनच थंड होते आणि उत्साहाच्या भरात स्वतःहून थांबत नाही. ज्युनियरला पट्टा धरून ठेवलेला चालतो, पण डमी हातातच यायला हवी. पायाशी टाकलेली चालत नाही.

गोची होते ती पाण्याकाठी. बाहेर आली की अंग झाडायचं म्हणून तोंडातली डमी खाली पडते. यावर उपाय म्हणजे आपणच घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि ती झाडायच्या आत डमी हातात घ्यायची. रोज एकेक पाऊल मागे सरकत कोरड्यावर यायचं. जागा निवडताना एकरुखसारख्या तलावाचा उताराचा काठ बघावा, मासेमारीचं जाळं नाही ना आणि पाण्यावर हिरवा तवंग नाही ना, हे तपासून. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कधीही उतरवू नका. कडेचा कागद ओला झाला की नखं रुतत नाहीत. पट्टीची पोहणारी लॅबसुद्धा तिथे दमून बुडू शकते.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा उघडून बघायच्या. कुसळ एकदा कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. गोखरूचा काटा निदान लंगडण्यावरून कळतो.

टेस्टमध्ये फेकीबरोबर बंदुकीचा बारही होतो. सराव टिकलीच्या पिस्तुलाने, तोही 80 मीटरवरून आणि फेक हवेत असतानाच. आवाज झाला आणि शेपूट वरच राहिली, तर पुढच्या आठवड्यात 10 मीटर जवळ. शेपूट पायात गेली तर मागे सरकायचं. बाकी सगळं येत असेल तरी या एका गोष्टीवर मी नाव मागे घेते, कारण भीती बसली की डमी दिसेपर्यंत कुत्री गाडीखाली असते. तीन रविवार चारही फेका मापात आल्या तर फॉर्म भरते. मात्र तारीख दिवाळीनंतरच्या महिन्यातली असेल, तर नाही, फटाक्यांची भीती तेव्हा ताजी असते.