अडीच डॉलरचा बर्गर

परवा शिकागोजवळच्या त्या जुन्या बर्गरच्या दुकानात पंधरा वर्षांनी गेलो आणि तोंड कडू करून आलो. बर्गर तसाच होता, चांगलाच. तक्रार बर्गरची नाहीच.

2008 च्या सुरुवातीला इथे शिकायला आलो तेव्हा डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता आणि डोक्यात दिवसभर गुणाकार. इथला चिकन बर्गर 2.49 ला. म्हणजे शंभर रुपये! अमळनेरला बसस्टँडजवळच्या गाडीवर दहा रुपयांत बर्गर खाऊन आलेला मी. बेकरीचा गोडसर बन, बटाट्याची टिक्की, मूठभर कोबी आणि तो लालभडक सॉस, ज्यात टोमॅटोपेक्षा लाल भोपळाच जास्त. पहिला महिना मी दुकानाच्या दारावरून नुसता वास घेत गेलो. मग रूममेटबरोबर दर शुक्रवारी एकात दोघं. काउंटरवरची बाई न सांगता सुरीने बरोबर मधोमध कापून द्यायची आणि जाळीच्या तळाशी उरलेले फ्राईजचे तुकडे कागदात भरून पुढे सरकवायची. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत.

त्याच सुमारास शिकागोजवळच्याच डेस प्लेन्स गावाला गेलो होतो. रे क्रॉकने 15 एप्रिल 1955 ला आपलं पहिलं मॅकडोनाल्ड्स जिथे उघडलं, तिथे जुन्या दुकानाची हुबेहूब प्रतिकृती उभी होती. पाटीवर जुनाच भाव: हॅम्बर्गर 15 सेंट. पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. आबांनी फोनवर लगेच हिशोब केला. "सहा रुपयात? मंग दोन दोन खाय ना!" तो भाव 1955 चा आहे, हे मी त्यांना सांगितलंच नाही. पोरगा पोटभर खातोय, एवढ्यावर ते खूश होते. राहू दिलं. ती प्रतिकृतीही पुढे पाडली, नदीचं पाणी सारखं आत शिरायचं म्हणून.

तर परवा. तोच बर्गर 9.49. फ्राईज वेगळे, सॉसचेही पैसे वेगळे. तेही चालेल. पण कार्ड लावल्यावर पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली: 18 टक्के, 20 टक्के, 25 टक्के. कशाचे? रांगेत मी उभा राहिलो, ट्रे मी उचलला, टेबल मीच पुसलं. 'टिप नको' हे बटण आहे, नाही असं नाही, पण खाली कोपऱ्यात, फिकट अक्षरात, चोरासारखं. मागे तीन माणसं, समोर तो पोरगा मुद्दाम दुसरीकडे बघतोय, आणि माझी लेक माझ्या बोटाकडे बघतेय. आपल्याकडे लग्नात आहेराचं पाकीट देताना शेजारचा वाकून बघतो ना, तसंच. फक्त तिथे निदान बुंदी तरी वाढतात. मी 20 दाबलं.

आता न्यायाने बोलायचं तर त्या पोराचं काही चुकलेलं नाही. इलिनॉयमध्ये किमान मजुरी 2008 च्या जुलैमध्ये तासाला 7.75 डॉलर होती, 2025 पासून 15 आहे. दुप्पट झाली, व्हायलाच हवी होती. पण बर्गर जवळजवळ चौपट झाला आणि सरकारी आकड्यांप्रमाणे एकूण महागाई जेमतेम दीडपट. मजुरी मालक देतो, वरचं गिऱ्हाइकाच्या बोटावर ढकलतो. आमच्या गाडीवाल्याने बर्गर दहाचा तीस केला, पण "वर काय देता?" असं कधी विचारलं नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं. गेल्या दिवाळीत धुळ्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर शेवभाजी एकशे ऐंशीची बघून मी मालकाशी वाद घातला होता, ते तिने बरोबर आत्ता काढलं. पण गावी गेल्यावर माझा हिशोब गावचाच असतो. त्यात गैर काय? डॉलरमध्ये मोजायला लागलो तर म्हणाल पोरगा शेफारला.

रात्री व्हिडिओ कॉलवर लेकीने सगळं सांगून टाकलं. आबा हसले. "तोच का, सहा रुपयावाला? आते कितलाले मियस?"

"थोडा महाग झालाय," मी म्हटलं.

"तिघांचे एक्केचाळीस डॉलर!" लेक ओरडली.

आबा सोसायटीत चाळीस वर्षं हिशोबनीस होते, त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. साडेतीन हजार. थोडा वेळ गप्प बसले. मागे आई चुलीवर वांगी भाजत होती, बामणोदची, हिरवीगार, पांढऱ्या रेघांची. धूर कॅमेऱ्यात दिसत होता.

"तितलामा आठे आख्खी भरीतपार्टी व्हई जाई," आबा म्हणाले.

एक्केचाळीसवर टिप किती दिली ते लेक सांगणार होती. मी फोन आईकडे द्यायला सांगितला.